तीनच्या आधी

कॅसेटवर बाबांचं अक्षर:
'बोराडे लग्न', आणि त्यावर काट.
खाली लाल स्केचपेनने: कुस्ती, शनिवार नं. १४, १५.
दुरुस्तीवाला म्हणाला, ताई, बुरशी धरलीय,
निघेल तेवढं निघेल.

निघालं ते असं:
सिन्नर फाट्याजवळचं गोडाऊन,
द्राक्षांचे क्रेट उलटे मांडून वर प्लायवूड,
त्यावर ट्रॅक्टरची ताडपत्री,
कोपऱ्यांना कुणाच्या तरी मोडलेल्या बागेचे अँगल.
माणूस आपटला की गोडाऊन ढोलासारखं घुमायचं.
अर्धा पराक्रम क्रेटांचा होता.

शनिवारी साडेनऊला, आमच्या केबलवर.
देवळाली गावापासून जेल रोडपर्यंत,
बाबांची वायर गच्च्यांवरून, शेवग्यांवरून जिथवर पोचली
तिथवर जग होतं,
आणि त्या जगाचा विजेता होता एकलहऱ्याचा गेंडा.
तो दंड थोपटायचा तेव्हा राख उडायची.
लोकांना वाटायचं अंगारा,
होती थर्मलची.

समालोचन खरोटे सरांचं. चित्रकला शिकवायचे.
'हा बघा, हा बघा, अरे काय हे!'
बहुतेक एवढंच. चष्मा घरी राहिलेला असायचा.

घंटा माझ्याकडे.
म्हणजे पितळी परात आणि बाबांचा पान्हा.
अकरा वर्षांची मी, आणि मला गुरुवारीच माहीत असायचं
शनिवारी कुणाची पाठ टेकणार.
वर्गात पैजा लागायच्या रावळगावच्या गोळ्यांच्या.
मी कधी हरले नाही.
दात किडले.

हरायचा तो पुंजाराम पेखळे.
दर शनिवारी, वेगळ्या नावाने:
कधी चंबळचा लांडगा, कधी काळा बुरखा,
एकदा नुसताच 'परदेशी'.
आठवडाभर प्रेसमध्ये कोऱ्या नोटांच्या थप्प्या मोजायचा,
शनिवारी पडण्याचे मिळायचे तीस,
मळके, घड्या पडलेले.
ते मात्र मोजायचा नाही.

मला एकदा शिकवलं होतं पडायला.
हनुवटी छातीला. श्वास सोडून द्यायचा.
हात आधी पोचला पाहिजे, पाठ मागून.
'आपटायला काय, कुणीही आपटतं,' म्हणाला.
गेल्या वर्षी जिन्यावरून घसरले,
हात आधी पोचला.

नंबर चौदा.
त्या दिवशी त्याची मुलगी आली होती.
रिकाम्या क्रेटवर बसलेली, पायात शाळेचे बूट.
बुरखा होता, पण
बापाची पाठ कुठे झाकलेली असते.

गेंडा वर बसला. पंचाने मोजलं, एक, दोन.
पुंजारामचा खांदा उठला.
पुन्हा एक, दोन.
पुन्हा उठला.
गेंडा वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलला
आणि पुंजारामने मान हलवली, नाही.

बाबांनी कॅमेरा बंद केला.

त्यानंतरची कुस्ती क्रेटांनाही कळली नाही.
घुमलंच नाही काही.
दोन माणसं एकमेकांना धरून, नुसता श्वास,
ताडपत्रीवर टाचा घासल्याचा आवाज.
खरोटे सरसुद्धा गप्प.
किती वेळ ते सांगता येणार नाही.
घंटा कधी वाजवायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मी वाजवली.

रात्री केबलवर पाटी: तांत्रिक अडचण.
सोमवारी सगळा वर्ग माझ्या बाकाभोवती,
कोण जिंकलं, सांग ना, कोण?
मी म्हणाले, लाईट गेली.
दोन गोळ्या परत कराव्या लागल्या.

आणि आज या दुकानात, छोट्या पडद्यावर
त्याचा खांदा दुसऱ्यांदा उठतो,
गेंडा वाकतो,
मुंग्या.
मग चार सेकंद बोराड्यांची नवरी,
मुंडावळ्या सारख्या करतेय, हसून कुणाला तरी काही सांगतेय,
आवाज नाही.
मग नंबर पंधरा. तोच गेंडा, तीच राख,
काळ्या बुरख्यात दुसराच कुणी.
त्याला पडता येत नाही.

मधलं गेलंय वाटतं ताई, दुकानदार म्हणतो.
मी म्हणते, थोडं मागे घ्या.
एकपासून.